मानेखालचं तिकीट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि तेही एक कबुलीजबाब देण्यासाठी.

आमच्या भाच्याला पहिल्या नोकरीच्या पगारातून इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. त्याने सत्तर हजार बाजूला काढले होते. त्यातले निदान तीस हजार माझ्या एका वाक्यापायी जाणार होते. ते वाक्य मी गेली तीसेक वर्षं, कोणी विचारो न विचारो, ऐकवत आलोय : "बोल्टवाली घेऊ नकोस. मान चिकटवलेलीच घे." गेल्या महिन्यात मला कळलं की या वाक्याला काही आधारच नव्हता. आधार होता तो एका रेल्वेच्या तिकिटाचा. ताई, तू हे वाचत असशील तर शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.

ज्यांचा गिटारशी काही संबंध नाही (म्हणजे आमचे बहुतेक नातेवाईक) त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला एक भरीव लाकडाचं धड असतं आणि एक लांब मान असते. मानेवर आडव्या धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्या फ्रेट. तारा मानेच्या टोकापासून धडावरच्या ब्रिजपर्यंत ताणलेल्या असतात. सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ किलो. म्हणजे एक हलक्या वजनाचा माणूस ती मान सतत पुढे ओढत बसलेला असतो, दिवसरात्र. त्याला तोंड द्यायचं काम मान आणि धड यांच्या सांध्याचं.

हा सांधा तीन तऱ्हांनी करतात. पहिली तऱ्हा म्हणजे धडात चौकोनी खाच कोरायची, त्यात मान बसवायची आणि मागून चार स्क्रू पिळायचे. याला म्हणतात 'बोल्ट-ऑन', पण बहुतेक वेळा ते बोल्ट नसतातच, साधे लाकडाचे स्क्रू असतात. दुसरी तऱ्हा सुताराची जुनी, खाच आणि तिच्यात घुसणारी जीभ, मधे सरस. ही 'सेट-नेक'. तिसरीत सांधाच नाही. मानेचं लाकूड धडाच्या पार शेवटापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंना धडाचे पंख चिकटवतात. ही 'नेक-थ्रू'.

वादकांमध्ये एक समज पक्का आहे. स्क्रूवाली स्वस्त, चिकटवलेली तिच्यापेक्षा वरची, अखंड मानेची सगळ्यात भारी. कारण काय, तर जितका सांधा एकजीव तितका स्वर जास्त वेळ टिकतो. ऐकायला इतकं पटतं की कोणी तपासायला जात नाही. मीही गेलो नाही.

आता गोष्ट.

मी वाढलो शहाडला. सेंच्युरी रेयॉनच्या पलीकडे आमची चाळ. कॉलेजात असताना, १९९२ च्या सुमाराला, मी एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. कुठल्या कंपनीची ते कळायला मार्ग नव्हता, नाव खरवडून काढलेलं होतं. चार स्क्रूंची मान. खाली वाजवायला ठीक होती, पण मानेवरून जसजसं धडाकडे यावं तसतशा तारा फ्रेटपासून लांब जायच्या. वरच्या स्वरांवर तार दाबताना बोटाला अक्षरशः चीर पडायची. तारा खाली घ्यायला ब्रिजवर जे छोटे खोगीर असतात ते आधीच तळाला टेकलेले.

कोणीतरी सांगितलं, "मानेखाली कागदाची घडी घाल, तारा खाली येतील." मी स्क्रू काढले. खिशात शहाड ते दादरचं तिकीट होतं. शिवाजी मंदिरला गेलो होतो, दादरला बाहेर पडताना कोणी मागितलं नाही म्हणून राहिलेलं. तेव्हा लोकलची तिकिटं जाड पुठ्ठ्याची असायची, आठवत असेल. ते उभं कापलं, लांबी जराशी कातरली तर खाचेच्या रुंदीत अगदी बरोब्बर बसलं. मान परत घट्ट केली, तारा चढवल्या.

तारा आणखी वर गेल्या!

मी निष्कर्ष काढला की स्क्रूची मान एकदा उघडली की पूर्वीसारखी बसत नाही. परत उघडायचा धीर झाला नाही, कारण काढ-घाल करताना एका स्क्रूचा माथा झिजून गुळगुळीत झाला होता. वर्ष-दोन वर्षांत तिकीट विसरलो. निष्कर्ष तेवढा राहिला.

पुढे गणपती-नवरात्रात एका छोट्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो. गाण्याच्या मधल्या तुकड्याला बाराव्या फ्रेटच्या वर जायची वेळ आली की माझा हात अडखळायचा. आमच्या म्होरक्याने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा हात जड आहे रे." रागाने नव्हे, सहज. मला ते पटलं. दोन मोसमांनंतर मी वाजवणं सोडलं, गिटार माळ्यावर गेली. नोकरी लागली, लग्न झालं, शहाड सोडून कल्याणला आलो, गिटारही बरोबर आली आणि इथल्याही माळ्यावर जाऊन बसली. मी उत्तम वादक झालो असतो असा माझा अजिबात दावा नाही. पण आपला हात जड आहे हे मी तीस वर्षं खरं धरून चाललो, हेही तितकंच खरं.

गेल्या महिन्यात भाचा बदलापूरहून आला होता. सत्तर हजारांच्या गिटारचे फोटो दाखवत होता. मी नेहमीचं वाक्य टाकलं. तो म्हणाला, "मामा, तुझी ती जुनी बघू तरी." माळ्यावरून काढली. झिजलेल्या स्क्रूच्या माथ्यावर त्याने रबरबँड ठेवला, त्यावर स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवला आणि स्क्रू निमूट बाहेर आला. (ही युक्ती मला १९९२ ला कोणी सांगितली असती तर हा लेखच लिहावा लागला नसता.) मान सुटली. खाचेत तिकीट होतं. पिवळं पडलेलं, 'शहाड' अजून वाचता येत होतं.

भाच्याने एकदा तिकिटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मामा, हे उलट्या टोकाला घातलंयस."

मराठीत 'पाचर मारणे' म्हणजे चालत्या कामात खोडा घालणे. मी माझ्याच गिटारला शब्दशः पाचर मारून ठेवली होती.

हिशोब सोपा आहे. खाचेची लांबी साडेसात सेंटिमीटर, तिकिटाची जाडी ०.८ मिलिमीटर. पाचर खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला घातली तर मान मागे कलते आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. मी घातली होती खुंट्यांकडच्या टोकाला. त्यामुळे मान पुढे कलली. खाचेत ०.८ मिलिमीटर म्हणजे मानेच्या पार टोकाला जवळजवळ ५ मिलिमीटर! आम्ही मोजपट्टी घेऊन बसलो. तिकीट असताना बाराव्या फ्रेटवर तारेची उंची ४ मिलिमीटर होती. काढल्यावर ३ च्या जरा वर. बरोबर टोकाला घातल्यावर पावणेदोन. मी वाजवलं. पंधराव्या फ्रेटवर. बोट जायचं तिथे गेलं आणि स्वर निघाला. भाचा फोनवर काहीतरी शोधत होता ते बरं झालं, कारण मला दोन मिनिटं बोलता आलं नसतं.

इथून पुढे माझं मत. सांध्याचा प्रकार कोणता यापेक्षा सांधा बसलाय कसा, हे कितीतरी महत्त्वाचं. आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे बिघडला तर तो उघडता येतो का.

आधी स्वर टिकण्याबद्दल. अमेरिकेतले वाद्यनिर्माते आर. एम. मोटोला यांनी तिन्ही प्रकारचे सांधे मोजून पाहिले आणि २००७ मध्ये तिथल्या वाद्यकारांच्या मासिकात ते छापलं. स्क्रूच्या सांध्यात स्वर उलट कणभर जास्त टिकला आणि ऐकणाऱ्यांना तो फरक ओळखताही आला नाही. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी १९९० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारची कंपनं मोजली. मानेवर काही जागा अशा असतात की तिथे स्वर पटकन विझतो. वादक त्यांना 'मेलेल्या जागा' म्हणतात. त्याचं कारण असं की मानेला स्वतःची कंपनसंख्या असते. तारेची कंपनसंख्या तिच्याशी जुळली की मान हलायला लागते आणि तारेची शक्ती पिऊन टाकते. यात मानेचं वजन, तिचा ताठपणा, तिच्या टोकाचा आकार हे सगळं येतं. म्हणजे नुसतं मागच्या बाजूचे स्क्रू पाहून स्वराचं भविष्य सांगता येत नाही.

मग स्क्रूच्या सांध्याची बदनामी का झाली? सैल बसवलेल्या मानांमुळे. फेंडर कंपनीने १९७१ पासून जवळपास दशकभर स्ट्रॅटोकास्टरला चारऐवजी तीन स्क्रू लावले. त्या काळातल्या बऱ्याच गिटारच्या खाचा ढिल्या कापलेल्या होत्या, मान आडवी सरकायची, आणि दोष आला तीन स्क्रूंवर. गंमत म्हणजे त्याच रचनेत मान कलती करायला एक वेगळा छोटा स्क्रू होता. मला तशी गिटार मिळाली असती तर तिकिटाचं कामच पडलं नसतं.

ही स्क्रूची कल्पना रूढ केली ती लिओ फेंडर यांनी. ते गिटारवादक नव्हते. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९५० मध्ये त्यांनी भरीव धडाची गिटार बाजारात आणली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. मान वेगळी करायची, धड वेगळं करायचं, शेवटी जोडायचं. त्याने कारखान्यातलं काम स्वस्त आणि झटपट झालं हे तर खरंच. पण रेडिओ दुरुस्त करणारा माणूस वस्तू बनवतानाच ती उद्या कोणाच्या तरी टेबलावर उघडली जाणार हे धरून चालतो, असं मला वाटतं.

आता चिकटवलेल्या मानेची बाजू. गिब्सनने १९५२ मध्ये लेस पॉल गिटार आणली, मान सरसाने बसवलेली, काम देखणं. पण पहिल्या वर्षीच्या गिटारमध्ये मानेचा कल कमी पडला. तारा खाली आणायला त्या ब्रिजच्या दांड्यावरून नेण्याऐवजी खालून गुंडाळाव्या लागल्या, आणि त्यामुळे तळहात टेकवून तारा दाबत वाजवणं अवघड झालं. १९५३ मध्ये कंपनीने कल वाढवला, ब्रिजही बदलला. पण ज्यांनी आधी घेतली त्यांच्या माना सरसात घट्ट होत्या. तिथे कसलं तिकीट आणि कसली पाचर! जगातल्या नावाजलेल्या गिटारमध्येही सांध्याच्या एक-दोन अंशांनी घोळ घातलाय हे वाचून माझं ओझं जरा हलकं झालं.

तिकिटाने काम भागलं होतं, पण भाचा म्हणाला, "एकाच टोकाला पुठ्ठा म्हणजे मधे पोकळी राहते. तिथे पुढे मानेचं लाकूड वाकू शकतं. पूर्ण खाचेभर निमुळती पाचर हवी." आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. लाकडाचे सांधे बघायला याहून चांगली जागा आपल्या भागात नाही. एका मिस्त्रींना नमुना दाखवला. साडेसात सेंटिमीटर लांब, एका टोकाला ०.८, दुसऱ्या टोकाला शून्य. ते हसले. मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर लावून सागाची पातळ पट्टी घासत बसले. पाऊण तास लागला.

मी त्यांना विचारलं, नट-बोल्टचा पलंग चांगला की चिकटवलेला? पेपरावरची नजर न काढता ते म्हणाले, "जिस को घर बदलना है, उस को बोल्ट. जिस को नहीं बदलना, वो पूछता ही नहीं." मग पुढे म्हणाले की चिकटवलेला पलंग त्यांच्याकडे दुरुस्तीला येतो तेव्हा बहुतेक वेळा खाचच ढिली कापलेली असते आणि ती पोकळी फेविकॉलने भरलेली असते. फेविकॉल लाकडाला लाकूड धरून ठेवतो, लाकडाच्या जागी उभा राहत नाही. मोटोलांच्या मासिकात आणि उल्हासनगरच्या गाळ्यात मला मिळालेलं उत्तर बरंचसं एकच होतं. शंभराची नोट दिली, त्यांनी पन्नास परत केले.

इथे कोणी म्हणेल, मग आपल्या सतारी-तंबोऱ्यांचं काय? तिथे तर स्क्रू नसतात. बरोबर. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी दोनदा गेलोय. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट. पंढरपूरकडचा भोपळा आणि तुणीच्या लाकडाची दांडी जिथे मिळतात तो गळा ही वाद्याची सगळ्यात नाजूक जागा. प्रवासात धक्का बसला की बहुधा तिथेच तडा जातो. पण पारंपरिक सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. जाणता कारागीर असा गळा सोडवून परत बसवतो. म्हणजे चिकटवलेलाही सांधा उघडण्याची सोय ठेवून केलेला असू शकतो. तिथे प्रश्न स्क्रू की सरस हा नसून पुढच्या दुरुस्तीचा विचार केलाय की नाही, हा आहे.

एकतर्फी लिहायला नको, म्हणून हेही सांगतो. चिकटवलेल्या आणि अखंड मानेला मागचा लाकडाचा टेकू छाटून गुळगुळीत करता येतो, त्यामुळे शेवटच्या फ्रेटपर्यंत हात सहज जातो. हा फायदा खरा आहे आणि मोजायला यंत्र लागत नाही. शिवाय पोटाशी धरल्यावर कोणती गिटार आपली वाटते हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझा आक्षेप फक्त एवढाच आहे की स्क्रू दिसले की नाक मुरडायचं आणि वर तीस हजार जास्त मोजायचे, हे करू नका. दुकानात गेलात तर मान धरून हळूच आडवी हलवून बघा. सांध्यात पातळ कागद सरकतो का बघा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा आणि ब्रिजचे खोगीर खाली घ्यायला अजून जागा उरलीय का ते बघा. प्रत्येक फ्रेटवर स्वर वाजवून कुठे तो लवकर विझतो का ते ऐका. एवढं केल्यावर सांधा कुठलाही असो, घ्या.

भाच्याने हे सगळं केलं. तीन रविवार मुंबईतली दुकानं पालथी घातली. शेवटी घेतली ती चिकटवलेल्या मानेचीच! पण वापरलेली, पंचेचाळीस हजारांत. मी विचारलं, "अरे, मग एवढं सगळं केलं ते कशाला?" तो म्हणाला, "मामा, स्वर टिकतो म्हणून नाही घेतली. वरच्या फ्रेटवर हात चांगला जातो म्हणून घेतली." हे कारण मला मान्य आहे. ताई, पंचवीस हजार वाचले, ते माझ्या खात्यावर जमा धर.

माझी जुनी गिटार आता माळ्यावर नाही, दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी असते. सागाची पाचर बसवल्यावर रोज रात्री अर्धा तास वाजवतो. बोटं दुखतात, पण ती वयामुळे आणि सवय नसल्यामुळे. ज्या तुकड्याला अडखळायचो तो अजून नीट येत नाही. म्हणजे म्होरक्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं की काय अशी शंका येते :-) पण आता निदान दोष हाताचा किती आणि तिकिटाचा किती हे वेगळं काढता येतं.

असो. बोल्टवाल्या गिटारबद्दल माझ्या तोंडून ज्यांनी ज्यांनी ते वाक्य ऐकलं असेल त्यांनी ते विसरावं. चूकभूल द्यावी घ्यावी.

ता.क. : तिकीट फेकलेलं नाही. गिटारच्या पेटीत आहे. भाच्याने त्याच्या मागे पेन्सिलीने बाण काढून लिहून ठेवलंय, "ब्रिज या बाजूला."